नागपुरातली वायुवंशीय प्रेमकथा: वाऱ्याचे नियम कसे बसवावेत?

काटेसावर:

साधारण १४ ते १९ वयाच्या वाचकांसाठी अद्भुतरम्य प्रेमकथा लिहायला घेतली आहे. आठ प्रकरणं झाली आहेत, ती सोबत जोडली आहेत. गाडी तिथेच अडली आहे. आराखडा देते.

शर्वरी, वय १८, बारावीची परीक्षा झालेली, नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात राहते. मे महिना. सेमिनरी हिल्सवर वायुवंशीयांची वस्ती आहे, एकूण एकोणपन्नास जण. त्यातला एक तिच्या मागे... म्हणजे तिच्या प्रेमात पडतो. नाव अजून ठरलेलं नाही, कच्च्या खर्ड्यात 'अनिल' आहे. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांच्या धुरातून जन्मलेला एक दुष्ट वंश आहे. शेवटी सीताबर्डीच्या किल्ल्यावर रात्री लढाई होते आणि तो तिला उचलून आकाशात नेतो.

अडचणी अशा:
१) नायक काहीही करू शकतो, त्यामुळे कुठल्याच प्रसंगात धाकधूक वाटत नाही.
२) तो हवा आहे. मग स्पर्श कसा दाखवू? दर वेळी 'मंद झुळूक गालाला चाटून गेली' लिहून कंटाळा आला.
३) उडण्याचा प्रसंग फुगवलेला वाटतो.
४) युरोपातल्या कथांमध्ये हवेचे जीव असतात ते घ्यावेत, की आपल्या पुराणांतून उचलावं?

'छान कल्पना, लिहीत राहा' नको. चुका सांगा.

रेडिओसाँड:

पहिली अडचण सुटली की दुसरी-तिसरी अर्धी सुटेल, म्हणून तिथूनच सुरू करतो.

हवेला वजन असतं हे तुमच्या कथेत कुठेच दिसत नाही. समुद्रसपाटीला आणि सुखद हवामानात एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो भरते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, त्यात मे महिन्यातले ४५ अंश, म्हणजे तीच हवा १.०६ किलोच्या आसपास येते. दहा बाय दहा बाय दहा फुटांची खोली २८ घनमीटरची. त्या खोलीत मे महिन्यात ३० किलो हवा असते. आता नायकाचं माणूस असतानाचं वजन ६० किलो धरा आणि एकच नियम घाला: रूप बदललं तरी वजन तेवढंच राहतं. हवा झाल्यावर त्याला अशा दोन खोल्या लागतील. डिसेंबरात दहा अंशांवर तोच ५० घनमीटरांत मावेल, मेमध्ये ५६ लागतील. म्हणजे हिवाळ्यात तो आटोपशीर, उन्हाळ्यात पसरट आणि विरळ. तिच्या एका खोलीत तो पूर्ण मावतच नाही, अर्धा व्हरांड्यात उरतो. या एका आकड्यातून दहा प्रसंग निघतील.

दुसरा नियम: वारा आपोआप तयार होत नाही, जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा सरकते. त्यानं इथे हवा ढकलली की ती कुठून तरी उपसली जाते. नागपुरात जमिनीवरचा दाब साधारण ९७० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. बंद खोलीतून त्यानं फक्त एक टक्का हवा काढून घेतली तर दाब दहा हेक्टोपास्कलनं उतरतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे चौरस मीटरला दहा किलोचा भार, तेव्हा दहाला शंभर किलो. जुन्या खिडकीची काच तेवढ्यानं आत येईल. त्याआधी सगळ्यांच्या कानात दडे बसतील, दार आतून ओढल्यासारखं घट्ट होईल. तो रागावला हे डोळ्यांतल्या विजेनं दाखवण्यापेक्षा आजीच्या कानाला दडा बसतो असं दाखवा.

आता उडणं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. मीटर-सेकंदातला वेग घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ नं गुणा. उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये येतं, दहानं भागलं की ढोबळ किलो. ताशी ३६ किमीला ६ किलो, ७२ ला २४ किलो, १०८ ला ५४. आडव्या पडलेल्या माणसाला खालून वाऱ्यावर तोलून धरायचं तर ताशी दीडशे ते दोनशे किमीचा झोत लागतो. हवेत तरंगण्याचा सराव करायचे जे उभे बोगदे असतात, त्यांत असाच झोत सोडतात. त्या झोतात बोलता येत नाही, ऐकू येत नाही, चष्म्याशिवाय डोळे उघडत नाहीत. तुमच्या प्रसंगात ती दोघं दीड पान बोलतात.

मार्ग आहे. तिच्या हातात दहा बाय दहा फुटांची ताडपत्री द्या. नऊ चौरस मीटर कापडाला ५० किलोची मुलगी तोलायला खालून ताशी ३०-३५ किमीचा वारा पुरतो. त्या वेगात बोलता येतं, केस उडतात, धूळ डोळ्यांत जाते. मात्र साधी ताडपत्री स्थिर राहत नाही. हवा एकदा या काठातून, एकदा त्या काठातून निसटते आणि माणूस लोलकासारखा हेलकावतो. पॅराशूटच्या मधोमध भोक ठेवतात ते यासाठीच. पहिल्या प्रयत्नात तिचा हात मोडू द्या, दुसऱ्या वेळी तिला मधे भोक पाडायचं सुचू द्या. (वाचक पोरं आहेत. हात मोडल्याचा प्रसंग खरंच ठेवा, नाहीतर कुणीतरी गच्चीवर जाईल.)

शक्तीच्या पायऱ्या हव्या असतील तर बोफर्ट मापनश्रेणी तयार आहे. ताशी १२-१९ किमीला पानं सतत हलतात, ३९-४९ ला छत्री सांभाळणं कठीण, ५०-६१ ला वाऱ्याविरुद्ध चालताना त्रास, ६२-७४ ला डहाळ्या मोडतात. वंशातल्या कुणाची कितीपर्यंत मजल हे ठरवून वहीत लिहून ठेवा आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत मोडू नका.

गोरेवाडा:

अबे, प्रेमकथा लिहून राहिली ती, भौतिकशास्त्राची जर्नल नाही. वाचक कॅल्क्युलेटर घेऊन बसणार आहे का? जादू आहे म्हटल्यावर जादू.

बाकी एक. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा मोजक्याच दिवशी लोकांना आत सोडतात. मे महिन्यात रात्री अठरा वर्षांची पोट्टी आत पोचली कशी, ते आधी सांगा. सेमिनरी हिल्सच्या बाजूलाच वायुसेनानगर आहे. तिथे एकोणपन्नास जण हवेत तरंगत असतील तर पहिली चौकशी वायुदल करेल. हा विनोद कथेत घ्यायला हरकत नाही.

रेडिओसाँड:

गोरेवाडा, आकडे वाचकाला दाखवायचे नाहीतच. लेखिकेला माहीत असले म्हणजे झालं. तिला ठाऊक असेल की तो एका खोलीत मावत नाही, तर दार लावायचा प्रसंग ती आपोआप वेगळा लिहील. किल्ल्याबद्दल सहमत.

वायुदलापेक्षा सोनेगावचं हवामान खातं जास्त कामाचं. तिथून रोज पहाटे आणि संध्याकाळी हायड्रोजनचा फुगा सोडतात, नोंदीची ठरलेली वेळ साडेपाच. फुग्याखाली बांधलेलं छोटं यंत्र तापमान, आर्द्रता, दाब खाली कळवत राहतं. फुगा मिनिटाला साधारण ३०० मीटर चढतो, वर दाब कमी होत गेला की आणखी फुगत जातो आणि तीसेक किलोमीटरवर फुटतो. वायुवंशीयांच्या दृष्टीनं हा रोज दोनदा त्यांच्या घरातून जाणारा पाहुणा आहे. शर्वरीला त्याच्यापर्यंत चिठ्ठी पोचवायची असेल तर यापेक्षा चांगला टपालवाला मिळणार नाही. अडचण एकच, फुगा फुटल्यावर यंत्र कुठे पडेल ते वरचा वारा ठरवतो, आणि ती चिठ्ठी कुणाच्याही शेतात सापडू शकते.

पोथीतला किडा:

चौथ्या प्रश्नाबद्दल.

युरोपातली चार महाभूतांच्या जीवांची मांडणी पॅरासेल्सस या वैद्याची. तो १५४१ मध्ये वारला, या विषयावरचा त्याचा ग्रंथ १५६६ मध्ये छापला गेला. पाण्याचे, हवेचे, मातीचे, आगीचे असे चार वर्ग. दिसायला माणसासारखे, पण त्यांना आत्मा नाही. माणसाशी लग्न झालं तर पाण्यातल्या स्त्रीला आत्मा मिळतो. तिकडच्या बऱ्याच अद्भुत प्रेमकथांचा सांगाडा इथून आलेला आहे: अमर पण अपुरा जीव, आणि माणसाच्या प्रेमानं पुरा होणारा. हा सांगाडा नागपुरात आणला की लगेच तडा जातो, कारण आपल्याकडे वायू म्हणजेच प्राण. आत्मा नसलेला वारा आजीच्या घरात टिकणार नाही. आजीच म्हणेल, अगं, तोच तर आत-बाहेर करतो आहे.

तुमचे एकोणपन्नास वायुवंशीय म्हणजे पुराणांतले मरुत, वाऱ्याचे देव. संख्या बरोबर घेतलीत. दितीच्या गर्भाचे इंद्रानं सात तुकडे केले, प्रत्येकाचे पुन्हा सात, म्हणून एकोणपन्नास. ते भाऊ आहेत, गणानं वावरतात, एकटा मरुत ही कल्पनाच त्यांना परकी. प्रेमात पडून एकटा बाहेर पडणारा पहिला मरुत, एवढ्यावर तुमचा संघर्ष उभा राहतो. मग कोराडीच्या धुराच्या दुष्ट वंशाची गरज आहे का, ते बघा. मला तो चिकटवलेला वाटतो. चिमणीतला धूर बिचारा वारा नेईल तिकडे जातो. मरुतांना त्याची लाज वाटायला हवी, भीती नव्हे.

महाभारताच्या शांतिपर्वात व्यास शुकाला वाऱ्याचे सात मार्ग सांगतात: प्रवह, आवह, उद्वह, संवह, विवह, परिवह, परावह. प्रवह धुरातून आणि उष्णतेतून झालेले ढग हाकतो. उद्वह समुद्राचं पाणी वर उचलतो. विवह झाडं मोडणारा, रुक्ष. परावह शेवटचा, अंतकाळी सगळ्यांचे प्राण त्याच्याच वाटेनं जातात. सात मार्गांवर सात-सात जण बसवले की एकोणपन्नास जणांना घरं मिळाली, प्रत्येकाला आडनाव मिळालं. नायक परावहाच्या घरचा करा. त्याच्या वाटेनं गेलेलं परत येत नाही, आणि तोच तिच्या खिडकीशी घुटमळतो. तुमची धाकधूक इथे आहे.

याच जागी एक रीत सांगितली आहे. जोराचा वारा सुटला की वेदपठण थांबवायचं. आजोबा पाठ म्हणता म्हणता मधेच थांबतात आणि खिडकीकडे बघतात, एवढ्यानं घरातल्या एकाला तरी सगळं माहीत आहे हे कळतं. संवाद लागत नाही.

आणि एक कथा टाळू नका, कारण जाणते वाचक ती काढणारच. रामायणाच्या बालकांडात कुशनाभाच्या शंभर मुलींना वायू मागणी घालतो. त्या म्हणतात, आमचा निर्णय वडील करतील, आणि त्याला धुडकावतात. तो त्यांच्या अंगात शिरून त्यांना कुबड आणतो. पुढे ब्रह्मदत्ताच्या हातात हात दिल्यावर त्या बऱ्या होतात. नकार न पचवलेल्या वाऱ्याची ही गोष्ट तुमच्या नायकाच्या कुळाचा जुना कलंक म्हणून घ्या. मग तो विचारल्याशिवाय उंबरा का ओलांडत नाही, याला कारण मिळतं.

पाच प्राणांखेरीज पाच उपप्राण आहेत: नाग, कूर्म, कृकल, देवदत्त, धनंजय. धनंजय मरणानंतरही देहात राहतो असं मानतात, तो वापरा. नागपूर म्हणून 'नाग' घ्यायचा मोह होईल. त्याचं काम ढेकर, तेव्हा प्रेमप्रसंगात जपून.

काटेसावर:

हे फार कामाचं आहे. अनिल गेला, परावहाच्या घरचा मुलगा आला. विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही हे पक्कं. कोराडीवाले काढून टाकते.

आता दुसरी अडचण. समजा तिनं 'ये' म्हटलं. भर उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता, दारं-खिडक्या बंद, घरात सगळे झोपलेले. तो आत येतो कसा, आणि आल्यावर तिला काय जाणवतं?

ताटीवाला:

कूलरमधून. नागपुरात दुसरी वाट आहे कोणती?

मजाक नाही. मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असते तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकातला पारा २३ च्या जवळपास उतरतो. चांगला भिजलेला कूलर त्या फरकातला चार पंचमांश भाग मिळवतो, म्हणजे आत येणारा झोत २७-२८ अंशांचा. ४४ अंशांचा वारा सरळ अंगावर आला तर तो गार करत नाही, तापवतो, कारण कातडी असते ३४-३५ ची. घामामुळे थोडा आराम मिळतो तेवढाच. म्हणजे तो खिडकीतून थेट आला तर तिला झळ लागेल आणि संध्याकाळपर्यंत लू. तिला इजा न करता भेटायचं तर पाण्यातून गाळूनच आलं पाहिजे. परावहाच्या पोट्ट्याला ही शिक्षा शोभते.

यंत्रणा नीट लिहा. लोखंडी पेटी, तीन बाजूंना जाळीत बसवलेल्या ताट्या, खाली टाकी, टाकीत छोटा पंप. पंप पाणी नळीनं वर चढवतो, वर प्रत्येक ताटीच्या डोक्यावर भोकं पाडलेली पन्हळ असते, तिच्यातून पाणी ताटीवर ठिबकतं. पंखा आतल्या बाजूला वारा ओढतो. ताटीत गवत तरी असतं किंवा वाळा. वाळ्याला वास चांगला, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो उतरतो. मोठा खिडकी-कूलर भर दुपारी तासाला दहा ते वीस लिटर पाणी पितो, तेव्हा टाकी कोण भरतं हा घरातल्या भांडणाचा विषय आहे, तोही घ्या.

बिघडतं काय? बोअरच्या पाण्यातले क्षार पन्हळीच्या भोकांत बसतात. एक-दोन भोकं बुजली की खालची पट्टी कोरडी राहते. कोरड्या पट्टीतून हवा न भिजता आत येते, आणि तिला वाट मोकळी मिळते म्हणून जास्त येते. अंथरुणावर पडलेल्या माणसाला गार झोतात मधेच एक गरम सुरी फिरल्यासारखी जाणवते. तुमचा नायक चुकून त्या पट्टीतून आला तर ते कळेल असं लिहा. दुसऱ्या दिवशी शर्वरी पन्हळ उतरवते, जुन्या टूथब्रशनं क्षार घासते, सुईनं भोकं मोकळी करते. वाचक काय समजायचं ते समजेल, लिहायची गरज नाही.

आणखी एक. खोली पूर्ण बंद ठेवून कूलर लावला तर अर्ध्या तासात चिकचिक होते, कारण दमट हवेला बाहेर जायला वाट नाही. समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं लागतं. म्हणजे त्याला आत घ्यायचं तर बाहेर जायची वाटही तिलाच ठेवावी लागते. तुमचे रेडिओसाँड भाऊ म्हणतात तसा तो दोन खोल्यांएवढा असेल, तर तो थांबत नाही, वाहत राहतो. तिनं समोरची खिडकी लावली की तो अडकतो आणि खोली उबट होते. यावरून त्यांचं पहिलं भांडण लिहा.

लाल पेन:

ताटीवाल्यांनी तुमचं आठ प्रकरणांचं काम केलं. आता लिखाणाबद्दल.

वय आधी. शर्वरी १८ पूर्ण आहे, तशीच ठेवा, आणि पहिल्या पाच पानांत वाढदिवस किंवा मतदार ओळखपत्र अशा सहज खुणेनं सांगून टाका. पोक्सो कायद्यानं १८ खालचं प्रत्येक जण बालक आहे, संपादक हे बघतोच. खरा घोळ त्याच्या वयाचा. तो पुराणकाळापासून वाहतो आहे असं लिहिलंत की हजारो वर्षांचा म्हातारा आणि बारावीची मुलगी अशी जोडी होते. मरुत प्रत्येक पावसाळ्यानंतर नव्यानं जन्मतात, आणि हा अठराव्या खेपेचा आहे, असं काही तरी ठरवा. आठवण मागची नाही, फक्त कुळाची.

दुसरं, शर्वरी काय करते? आठ प्रकरणांच्या आराखड्यात ती बघते, घाबरते, उचलली जाते. तिला वारा वाचता आला पाहिजे. संक्रांतीला पतंग उडवणारी मुलगी वारा कुठल्या उंचीवर फिरला हे मांजाच्या ताणावरून ओळखते. तिला ते कसब द्या, मग एकोणपन्नास जणांतला आपला कोणता हे तिला ओळखता येईल. नायलॉन मांजा मात्र नको, तो बंदीचा आहे आणि पक्ष्यांचे गळे कापतो. अशा मांजानं मरुतालाही कापता येतं, हे हवं तर पुढच्या भागासाठी राखून ठेवा.

वावटळीबद्दल सावधान. तिसऱ्या प्रकरणात 'उलटी फिरणारी वावटळ म्हणजे तोच' असं आहे. छोट्या वावटळी दोन्ही दिशांनी फिरतात, दिशेवरून काही सिद्ध होत नाही. ओळख दुसऱ्या कशानं तरी द्या. एप्रिलपासून काटेसावरीची बोंडं फुटून कापूस उडतो. हवा दिसत नाही, कापूस दिसतो. सगळा कापूस वाऱ्याबरोबर एका दिशेला चालला असताना चार-दोन म्हाताऱ्या (कापसाचे पुंजके) तिच्या खिडकीसमोर अडून राहतात, एवढं पुरे. (तुमचं इथलं नाव काटेसावर आहे आणि हे तुम्हाला सुचू नये?)

तुमचं मूळ वाक्य: 'अचानक एक मंद, सुगंधी झुळूक आली आणि तिच्या गालांना हळुवार स्पर्श करून गेली.' मेच्या दुपारी महालात मंद, सुगंधी झुळूक येत नाही. अचानक, मंद, हळुवार, हे तिन्ही शब्द वाचकाला तुम्ही भासवताय हे सांगतात. असं करून बघा:

'दोन वाजता लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला, पंप गुरगुरून गप्प झाला. आई कूस बदलून पुन्हा घोरायला लागली. शर्वरीनं पुस्तक मिटलं, कारण मधल्या ताटीतून थेंब अजून उडत होते. खाली नाही, आडवे. एक तिच्या मनगटावर पडला, एक पुस्तकावर. तिसरा हवेतच राहिला, गव्हाच्या दाण्याएवढा, तिच्या नाकासमोर. ती म्हणाली, "समोरची खिडकी उघडीच आहे. जायचं तर जा." थेंब खाली पडला नाही.'

भावना कुठेही लिहिलेली नाही. लाइट गेलेली आहे, तरी वारा आहे, आणि तिनं त्याला जायला वाट ठेवली आहे.

बोलीबद्दल: शर्वरी मैत्रिणींशी नागपुरी बोलू द्या, 'काय करून राहिली', 'हाव ना', 'काऊन', पण प्रत्येक वाक्यात कोंबू नका. तीन वाक्यांत एक पुरतं. मरुत कुळातले लोक संस्कृतप्रचुर बोलणार हे ठरलेलंच दिसतंय, ते मोडा. तो रोज नागपूरभर फिरतो, इतवारीतल्या हमालांपासून धरमपेठेतल्या आज्यांपर्यंत सगळ्यांचं ऐकतो. तो सगळ्यांच्या बोलीचं मिश्रण बोलेल. एका वाक्यात आदरार्थी, दुसऱ्यात 'बे'. यातून विनोद होईल आणि तो परका आहे हेही सतत जाणवेल.

मोबाईलवर भागाभागानं देणार असाल तर एक भाग बाराशे ते पंधराशे शब्दांच्या आत. पुराणाची माहिती प्रस्तावनेत नको. सात मार्गांची नावं पहिल्यांदा सातव्या-आठव्या भागात यावीत, तीही आजोबांच्या तोंडून, तुकड्यांनी.

गोरेवाडा:

कूलरवाली आयडिया पटली. आता जर्नलबद्दलचे शब्द मागे घेतो, अर्धे.

काटेसावर:

मीही. आता शेवट. किल्ला बाद, उड्डाण ताडपत्रीवर. पण ही गोष्ट संपते कधी? मला त्यांना वेगळं करायचं आहे, कुणी मरायला नको.

रेडिओसाँड:

ताटीवाल्यांनी शेवट सांगून टाकला आहे, फक्त तारीख लावायची आहे. जूनच्या मध्यावर नागपुरात पाऊस पोचतो. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता झाली की ओल्या फडक्यातला पारा २९ वर येतो. कूलरला गार करायला तीनच अंश उरतात, नुसती चिकचिक होते. घराघरांत पंप बंद होतो, नुसता पंखा चालतो, मग तोही बंद. ताट्या काढून गच्चीवर वाळवतात, पेटीवर ताडपत्री बांधतात. हीच ती दहा बाय दहाची, भोक पाडलेली. त्याची वाट सरकारनं नाही, आजोबांनी नाही, हवामानानं बंद केली.

त्याआधीचे टप्पेही कॅलेंडरात तयार आहेत. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की नवतपा, नऊ दिवस. उन्हाळ्यातला दिवसाचा कोरडा वारा पश्चिम-वायव्येकडून येतो, आणि वायव्य ही वायूचीच दिशा, तेव्हा कुळाची ताकद तेव्हा सगळ्यात जास्त आणि त्याच्यावर परत ये म्हणून दडपणही तेव्हाच. नवतप्यानंतर वळिवाचं एखादं वादळ घाला. ढगातून पावसानं गार झालेली जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, पाऊस यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी गार धुळीचा लोट पोचतो. सातही घरची मंडळी एकत्र आली हे दाखवायला ती दहा मिनिटं घ्या. ताडपत्रीचं उड्डाणही त्यातच. फक्त विजा असतात, गच्चीवर लोखंडी पाइप धरून उभं करू नका.

पोथीतला किडा:

आषाढ लागला की रामटेक आहेच. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक हे मत संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी उचलून धरलं, आणि विदर्भात ते घरोघरी मान्य आहे. त्यात मेघाची व्याख्याच धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा मेळ अशी आहे. म्हणजे पावसाळ्यात तो कुठे गेला याचं उत्तर त्या व्याख्येतच आहे, ढगात चौथा हिस्सा त्याचा. विरह त्यांचा, पण निरोप्या तोच. शर्वरीला ऑगस्टपर्यंत हे कळू देऊ नका.

ताटीवाला:

आणि पुढच्या मार्चमध्ये नवीन ताट्या भरायला माणूस येतो तेव्हा गवत घ्यायचं की वाळा, हे शर्वरीला ठरवू द्या. वाळा महाग पडतो, आई नाही म्हणेल.